जॅकेटखालचा खुलासा

मी वर्तमानपत्र शेवटून वाचते. शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, जाहिरातींच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. हे वृत्तपत्र अमक्यांनी तमक्यांसाठी अमुक छापखान्यात छापून तमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले. आमच्या धंद्यात तिला प्रिंटलाइन म्हणतात. ती वाचून झाली की मग पहिल्या पानाकडे वळायचं. दूध घेताना पिशवीवर डेअरीचं नाव बघतोच ना आपण?

आमच्या मजल्यावरच्या भाभींनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "आप पेपर उल्टा क्यूं पकडती हो?" मी म्हटलं, "देखती हूँ, किसके घर से आया है." त्यांना वाटलं, पेपरवाला चुकून शेजारच्यांचा पेपर आमच्याकडे टाकतो. मी समजावत बसले नाही. आठव्या मजल्यापर्यंत तेवढा वेळही नव्हता.

गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हापासून मी भाईंदरच्या छोट्या दैनिकांत डेस्कवर काम केलं. डेस्क म्हणजे बातमीदाराने आणलेली बातमी निवडायची, धुवायची आणि शिजवून पानावर वाढायची. गेली काही वर्षं मी त्या बातमीत सापडलेल्या खड्यांचा हिशेब बघते. इथल्या काही दैनिकांनी, साप्ताहिकांनी आणि केबल वाहिन्यांनी मिळून एक तक्रार मंडळ स्थापन केलं, त्याची मी कार्यवाह. छापलेल्या किंवा दाखवलेल्या बातमीबद्दल कुणाची तक्रार असेल तर ती घेऊन यायचं. आम्ही दोन्ही बाजू ऐकतो आणि निर्णय देतो. फी नाही, वकील नाही.

मालकांनी स्वतःहून असं मंडळ का काढलं, असं लोक विचारतात. उदात्त कारण शोधू नये. कोर्टाच्या तारखा महाग पडतात, हे खरं कारण. पण मंडळ काढताना आमचे अध्यक्ष देसाई सर, निवृत्त मुख्याध्यापक, अडून बसले. मंडळावर मालक नको, मालकाचा नातेवाईक नको, नगरसेवक तर नकोच. वर्गणी वर्षाच्या सुरुवातीला भरायची, म्हणजे एखादा निर्णय झोंबला म्हणून मध्येच हात आखडता येणार नाही. मालकांनी मान्य केलं, कारण आमच्या हातात दंड नव्हता आणि तुरुंग नव्हता. अधिकार एकच होता, दिलेला निर्णय त्यांच्याच पेपरात छापायला लावण्याचा. त्यांना वाटलं, एवढ्याने काय होतंय.

तक्रारी सगळ्या प्रकारच्या येतात. एक गृहस्थ नेमाने राशिभविष्याविरुद्ध लिहायचे: 'प्रवासयोग सांगितला होता, आठवडाभर घरीच होतो.' एकांचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फोटो चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली गेला. ते स्वतः काठी टेकत जिना चढून वाचनालयाच्या वरच्या खोलीत, म्हणजे आमच्या कचेरीत आले.

"मी जिवंत आहे असा खुलासा हवा," ते म्हणाले.

"छापायला लावतो," मी म्हटलं. "फार मनस्ताप झाला असेल."

"मनस्ताप कसला? त्या दिवशी घरी जेवढी माणसं आली तेवढी वाढदिवसाला कधी आली नव्हती. आता खुलासा वाचून परत येणार नाहीत, एवढंच."

पण सगळेच असे हसत येत नाहीत. चौक गावच्या मासळीवाल्या फिलोमिनाबाई आल्या तेव्हा टोपली दारातच ठेवून, पदर खोचून आल्या होत्या. एका साप्ताहिकाने बातमी छापली होती की चौकच्या सुक्या मासळीवर कीडनाशक पावडर मारतात. आधार काय, तर मोबाईलवर फिरत आलेला मेसेज. बायकांची विक्री बसली. बोंब झाल्यावर साप्ताहिकाने खुलासा छापला, तो आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, तीन ओळींचा.

फिलोमिनाबाईंनी दोन्ही अंक माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "बदनामी केलीत ती परातीएवढी, आनि माफी मांगताव ती जवल्याएवढी? ह्यो न्याय हाय?"

देसाई सरांनी पट्टी घेऊन दोन्ही पानांवरची जागा मोजली. सर सोडले तर आम्ही सगळे धंद्यातले. खुलासा आतल्या पानावर, लहान टायपात जातो, हे आम्हाला जेवणानंतर हात धुण्याइतकं सवयीचं झालेलं. त्या दिवशी नियम झाला: चूक ज्या पानावर, खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच जागेत. कागदोपत्री त्याला क्रमांक आहे, आम्ही त्याला जवळ्याचा नियम म्हणतो. वाचकांच्या वतीने मंडळावर कुणाला तरी घ्यायचं होतं, ती जागा फिलोमिनाबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी न्हाय जमायचं." सुनावण्या तेव्हापासून गुरुवारी होतात.

या नियमाची खरी परीक्षा झाली ती हंसाबेनच्या वेळी.

हंसाबेन सिल्व्हर पार्कमधल्या एका जुन्या, चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहतात आणि सोसायटीच्या कमिटीवर आहेत. त्यांची मराठी गुजरातीच्या फोडणीची, पण तिखटमीठ बरोबर. त्यांनी पेपर माझ्यासमोर आपटला. पहिल्या पानावर अर्ध्या पानाचा ऐवज: 'सिल्व्हर पार्कमधील इमारत मृत्यूचा सापळा?' खाली तडकलेल्या खांबाचा मोठा फोटो, आतल्या सळया बाहेर आलेल्या. मजकुरात इमारतीचं नाव, पत्ता, सगळं.

"बेन, आमच्या बिल्डिंगला तर मारूनच टाकली ने."

"फोटो तुमच्याच इमारतीचा आहे?"

"अरे, आमचे खांब केशरी आहेत. ऑइलपेंट. मीच उभी राहून लावून घेतला. हा खांब कोणाचा आहे ते देवाला माहीत."

मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. बाहेरच्यांसाठी सांगते: मथळ्यात प्रश्नचिन्ह दिसलं की समजावं, बातमीदाराकडे उत्तर नाही. उत्तर असतं तर त्याने ते छापलं असतं. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्नचिन्ह राहत नाही, सापळा राहतो. बातमी आल्यापासून तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले होते. शाळेच्या व्हॅनवाला गेटच्या आत यायला तयार नव्हता. हंसाबेनच्या सुनेला दिवस गेलेले होते, तिच्या माहेरच्यांनी येऊन तिला बोरिवलीला नेलं होतं.

"आणि हे बघ," हंसाबेनने आवाज खाली आणला. "रविवारी जनरल मीटिंग आहे. बिल्डर शेठचा माणूस संमतीचे फॉर्म घेऊन येणार. रिडेव्हलपमेंट. आतापर्यंत आमचे लोक ऐकत नव्हते. आता सगळे बोलतात, साइन करो, जान बचाओ. साइन केली के घर खाली. भाडं किती देणार, परत कधी आणणार, केवढं घर देणार, सगळं तोंडी. माझा नवरा या घरात गेला बेन. मला उठवायचं तर उठवा, पण खोटं बोलून नका उठवू."

म्हणजे प्रश्न साधा होता. रविवारपर्यंत त्या इमारतीतल्या लोकांना, आपण ज्या भीतीने सही करायला निघालोय ती कुणी घातलीय, हे कळायला हवं होतं.

मी पेपर उलटा केला आणि तळाची ओळ वाचली. मालक म्हणून जे नाव होतं ते हंसाबेनच्या ओळखीचं नव्हतं. माझ्या होतं. ते शेठचे मेहुणे. शेठने त्याच वर्षी तो पेपर त्यांच्या नावावर विकत घेतला होता. धंद्यात सगळ्यांना ठाऊक, वाचकांत कुणालाच नाही. कायद्याने मालकाचं नाव वर्षातून एकदा नीट छापावंच लागतं. पण तो मालक दुसरं काय विकतो, हे छापावं लागत नाही. मालकांनी प्रिंटलाइनच्या शेजारी आपले इतर धंदेही छापावेत, असं पत्र मी आमच्या सगळ्या सभासदांना आधी एकदा पाठवलं होतं. एकाने उत्तर दिलं, "ताई, जागा नाही." बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

गुरुवारी सुनावणी ठेवली. पेपरच्या वतीने संपादक आला, अरविंद. तो मूळचा चेणे गावचा, वडिलांची तिथे थोडी शेती. माझ्या हाताखाली डेस्कवर शिकला. बातमीची इतकी स्वच्छ कॉपी लिहिणारा दुसरा कुणी मला मिळाला नाही. तो खोलीत आला आणि सवयीने माझ्या टेबलावरच्या तांब्यातलं पाणी ओतून प्यायला. मग लक्षात येऊन समोरच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"फोटो कुठला?" देसाई सरांनी विचारलं.

"संग्रहातला. दुसऱ्या शहरातल्या इमारतीचा."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं सर. पान छापायला जाताना ती ओळ निघाली."

"कुणी काढली?"

अरविंदने टेबलावरचा पेपर घडी करून ठेवला.

"इमारतीची तपासणी झाल्याचा इंजिनियरचा अहवाल होता तुमच्याकडे?"

"नव्हता."

"रहिवाशांशी बोललात?"

"नाही."

फिलोमिनाबाई इतका वेळ हाताची घडी घालून बसल्या होत्या. "एक इचारू? तुमचा पगार कोन देतो?"

"फिलोमिनाबाई," देसाई सर म्हणाले, "तो भाग तक्रारीत येत नाही."

"कसा न्हाय येत? माझ्या टोपलीतली मासली कोनाच्या होडीची, ते गिऱ्हाईक इचारतो. मी सांगतंय. ह्यांनी सांगाया काय झालं?"

सर माझ्याकडे बघायला लागले. नियमात तसा प्रश्न विचारावा असंही नव्हतं, विचारू नये असंही नव्हतं. मी वहीचं नवं पान उघडलं.

"कागदावर शेठचे मेहुणे," अरविंद म्हणाला. "खरं म्हणजे शेठ."

"आणि ही बातमी?" सरांनी विचारलं.

"वरून आली. फोटोसकट."

हंसाबेन खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मग तुला माहीत होता ने, भाई? सगळा माहीत होता?"

"हो."

त्या परत बसल्या. त्यांना भांडायचं होतं आणि समोरचा भांडतच नव्हता.

मी विचारलं, "हे लिहून घेऊ?"

"घ्या ताई. आज ना उद्या कुणीतरी विचारणारच होतं." मग जरा थांबून म्हणाला, "मुलगी बारावीला आहे. तेवढं..."

"त्ये न्हाय लिवायचं," फिलोमिनाबाई मला म्हणाल्या. ते मी लिहिणारच नव्हते.

अशा संपादकांना लोक सरसकट विकले गेलेले म्हणतात. मी म्हणत नाही. पेपर विकला जातो तेव्हा संपादक खुर्ची-टेबलाबरोबर नव्या मालकाकडे जातो, त्याला कुणी विचारत नाही. घराचे हप्ते असतात. दुसरीकडे जावं तर तिथलाही मालक शाळावाला नाहीतर टँकरवाला. अरविंदने पहिल्या दिवशी नाही म्हणायला हवं होतं, हे खरं. पण आमच्या खोलीत येऊन त्याने जे सांगितलं ते सांगायची त्याच्यावर काहीच सक्ती नव्हती, हेही तेवढंच खरं.

निर्णय मी तिथेच लिहिला. पहिलं, छापलेला फोटो या इमारतीचा नाही. दुसरं, बातमी छापताना तपासणीचा कुठलाही अहवाल हाती नव्हता आणि रहिवाशांना विचारलेलं नव्हतं. तिसरं, या वृत्तपत्राची मालकी आणि या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव देणारी कंपनी एकाच कुटुंबाची आहे. हे तिसरं वाक्य लिहिताना त्याच्या टोकाला अरविंदची नोकरी लोंबकळताना मला स्पष्ट दिसत होती. तरी लिहिलं.

देसाई सरांनी चौथं वाक्य घालायला सांगितलं: इमारत सुरक्षित आहे किंवा नाही याबद्दल मंडळाचे काहीही मत नाही.

हंसाबेनना ते अजिबात आवडलं नाही. "ते कशाला? आमची बिल्डिंग एकदम पक्की आहे, लिहून टाका."

"कसं लिहू? मला माहीत नाही."

"मी सांगते ने तुम्हाला."

"तुम्हालाही माहीत नाही," सर म्हणाले. शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे हंसाबेनच्या लक्षात आलं.

शेवटी लिहिलं: हा निर्णय शनिवारच्या अंकात, पहिल्या पानावर, मूळ बातमीएवढ्या जागेत प्रसिद्ध करावा. अरविंदने सही करून प्रत घेतली.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर एक गुळगुळीत, रंगीत पान. आमच्याकडे त्याला जॅकेट म्हणतात. पूर्ण पेपरला बाहेरून घातलेली पानभर जाहिरात, वर पेपरचं नाव, बाकी सगळं जाहिरातदाराचं. सणासुदीला येतात तशी. ही जाहिरात घोडबंदर रोडच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या शेठच्या टॉवरची होती. आई, बाबा, मूल, फुगा. 'सुरक्षित घर, निर्धास्त कुटुंब.'

जॅकेट उलटलं. आत पेपरचं खरं पहिलं पान होतं, आणि त्यावर अर्ध्या पानात आमचा निर्णय. एकही शब्द कमी नाही. नियमावर बोट ठेवायला जागा नव्हती.

डोकं तडकलं. मंडळावरच्या आम्हा सगळ्यांनी वर्षानुवर्षं जॅकेटं बघितली होती, काहींनी स्वतः लावली होती. आमच्या दृष्टीने पहिलं पान म्हणजे जिथून बातम्या सुरू होतात ते. जॅकेट आमच्या खिजगणतीतच नसतं. हात आपोआप ते बाजूला करतो. नियम करताना एकाच्याही डोक्यात आलं नाही की लोकांच्या दारात जे पडतं ते जॅकेट, आणि लोक तेच बघून पेपर सोफ्यावर टाकतात. गुळगुळीत असल्यामुळे मग ते स्वयंपाकघरातल्या फळीवर जातं.

अरविंदला फोन लावला. "जॅकेट कधी आलं?"

"तुमचा निर्णय पोचला त्याच संध्याकाळी. जाहिरात विभागाकडून थेट." आवाजात जागरण होतं. "ताई, आतलं पान मी लावलंय. पट्टी घेऊन मोजा."

"मोजलं. आणि वरचं?"

"वरचं पान माझं नाही."

"तुझ्या लक्षात आलं होतं ना, निर्णय खाली झाकला जाणार ते? मालकांना कुणी काही बोललं नाही?"

"आतलं पान त्यांनी बघितलं नसणार. मालक पेपर वाचत नाहीत ताई, जाहिरात बघतात." मग म्हणाला, "माझं काम काय छापलंय ते बघायचं. कशावर काय झाकलं जातंय ते सुचवायचं माझं काम नाही." फोन त्यानेच ठेवला.

तेवढ्यात हंसाबेनचा आला. "बेन, छापला नाही ने? मला वाटलंच होता."

"छापलाय. वरचं पान काढा."

पलीकडे कागदाचा आवाज झाला. मग दबका, तुटक आवाज. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"अरे वाह. हे तर शेठने स्वतः पॅक करून पाठवला."

"म्हणजे?"

"बेन, तू पेपरवाली असून तुला दिसत नाही? वरती कोण, खालती कोण? आता मी सगळ्यांना सांगते, कव्हर फेकू नका. उद्या कव्हरसकट घेऊन या."

रविवारी मी गेले. मंडळाच्या माणसाने अशा ठिकाणी बोलायचं नसतं, म्हणून मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मीटिंग इमारतीखालच्या पार्किंगमध्ये होती. खांब खरंच केशरी होते, भडक. शेठचा माणूस फाइल मांडीवर ठेवून पुढे बसला होता. लोकांच्या तोंडावर भीती आणि कंटाळा दोन्ही होते. एकदाची सही करावी आणि मोकळं व्हावं, असे चेहरे.

हंसाबेन उभ्या राहिल्या. "सबने कलका पेपर लाया?"

बऱ्याच जणांनी आणला होता. एकाने जॅकेट चपलांच्या रॅकमध्ये अंथरलं होतं, ते झटकून आणलं होतं.

"उपर का पेज देखो. क्या लिखा है? सुरक्षित घर. किसका है? शेठ का. बराबर? अब पलटो."

पन्नासएक हातांनी एकदम पान उलटल्याचा आवाज मी एरवी कधी ऐकला नव्हता. जन्मभर पेपर लोकांनी एकेकट्याने वाचावा म्हणून काढत आले.

तळमजल्यावरच्या सावंतांनी निर्णय मोठ्याने वाचला. फोटोचं वाक्य झालं तेव्हा दोघातिघांनी वळून केशरी खांबांकडे बघितलं. तिसरं वाक्य झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "काका, ते परत वाचा." सावंतांनी परत वाचलं. मग एकाने ते हिंदीत करून शेजारच्याला सांगितलं, त्याने मागच्याला.

पुढच्या रांगेतला एक जण शेठच्या माणसाकडे वळला. "भाई, पेपर भी आपका और कव्हर भी आपका?"

"मेरे को नहीं मालूम. मैं तो खाली फॉर्म लाया हूँ."

"तो खाली फॉर्म लेके जाओ," मागून एक बाई म्हणाली, आणि लोक हसले. घाबरलेली माणसं हसली की मीटिंग बदलते. त्या माणसाने कुणी न सांगताच फॉर्म फाइलमध्ये घातले. चहा मात्र त्याला हंसाबेनने बसवून पाजला. "तो बिचारा पगारवाला आहे," मला नंतर म्हणाल्या. कुणीही सही केली नाही. आधी सोसायटीने स्वतःचा इंजिनियर आणायचा, मग बोलायचं, असं ठरलं.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगता येत नाही. शेठच्या पेपरने मंडळ सोडलं. पाठोपाठ आणखी दोघांनी. उरलेल्यांच्या वर्गणीत वाचनालयाच्या खोलीचं भाडं कसंबसं निघतं. अरविंदने राजीनामा दिला की त्याच्याकडून घेतला, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. ते तिसरं वाक्य आज लिहायला बसले तरी मी तसंच लिहीन. पण बारावीच्या निकालाच्या दिवशी त्याला फोन करताना माझा हात दोनदा मागे आला होता. मुलगी चांगली पास झाली होती. जवळ्याच्या नियमात आम्ही दुरुस्ती केली: पेपर दारात पडल्यावर जे पान वर दिसेल त्या पानावर. मालकांच्या इतर धंद्यांबद्दलचं माझं पत्रही पुन्हा पाठवलं. अजून जागा झालेली नाही.

काही महिन्यांनी अरविंदने चार पानांचं साप्ताहिक काढलं आणि पहिला अंक घरी आणून दिला. मी अर्थात उलटा केला. प्रिंटलाइनमध्ये मालक म्हणून त्याचं नाव होतं आणि पुढे, तेवढ्याच टायपात: 'मालकाचे अन्य व्यवसाय: चेणे येथे वडिलोपार्जित शेती. सध्या उत्पन्न नाही.' अशी ओळ आमच्या भागात पहिल्यांदाच छापली गेली. मी त्याला चहा दिला.

आणि मग हंसाबेन पुन्हा आल्या. नातवाला कडेवर घेऊन आल्या होत्या, सूनही परत आली होती. पेपर तसाच टेबलावर आपटला. या वेळी तो अरविंदचा होता. पहिल्या पानावर मथळा: 'सिल्व्हर पार्कमधील इमारत पूर्णपणे सुरक्षित.' प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

"वा," मी म्हटलं. "तुमच्या मनासारखं झालं की."

"काय मनासारखं? इंजिनियरने असा बोललाच नाही. तो बोलला, खांब चांगले आहेत, पण वरची टाकी आणि चौथ्या मजल्याच्या बाल्कन्या लगेच करा, नाहीतर कोणाच्या डोक्यावर येतील. आता हे वाचून लोक पैसे भरायला तयार नाहीत. बोलतात, पेपरमध्ये तर सेफ लिहिलाय. तक्रार घे."

"हंसाबेन, हा तुमच्या बाजूने लिहिणारा माणूस आहे. तुमच्यासाठी त्याची नोकरी गेली."

"माहीत आहे ने. म्हणून त्याला आधी घरी बोलावून जेवायला घातला. आता तक्रार घे."

गुरुवारी अरविंद आला, सवयीने माझ्या तांब्यातलं पाणी प्यायला आणि समोर बसला. अहवाल घाईत वाचला होता, त्याने लगेच कबूल केलं. खुलासा त्याच पानावर, त्याच जागेत छापणार, जॅकेट घालण्याची आपली ऐपत नाही, असंही म्हणाला. देसाई सर निर्णय सांगणार, इतक्यात फिलोमिनाबाईंनी हात वर केला.

"माझा एक सवाल हाय. आता तुमचा पगार कोन देतो?"

"सध्या बायको," अरविंद म्हणाला.

देसाई सरांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "हेही लिहून घ्या." मी लिहून घेतलं.